नदी दूर राहिली तिथे कोळसा जमला

आमच्या वणी-घुग्घुसकडे कोळशात माती दिसली की लोक लगेच म्हणते, भेसळ केली बे. होतही असेल भेसळ, नाही म्हणत नाही मी, पण त्यातली बरीचशी माती २८ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास पडलेली आहे आणि टाकणारी होती नदी.

आताची वर्धा नाही हां. तेव्हा आपण गोंडवन नावाच्या जुन्या महाखंडात, पार दक्षिणेकडे, बर्फ वितळून गेलेला (त्या बर्फानं आणलेले गोटे इरई नदीकाठी अजून सापडतात), आणि ग्लॉसोप्टेरिसच्या झाडांचं दलदलीतलं जंगल.

पुरानंतर वावरात गेलं की समजतेच ना, काठाजवळ रेती आणि आत लांब नुसता चिकण गाळ. तेव्हाही तसंच. मुख्य धारेत रेती साचली, तिचा झाला वाळूचा खडक, तिथे कोळसा नाही. कोळसा झाला धारेपासून दूरच्या पाणथळ भागात, जिथे पाणी साचून राहिलं पण गाळ कमी आला, पडलेली पानं-लाकडं हवेअभावी पुरती सडली नाहीत आणि खालची जमीन हळूहळू खचत गेली म्हणून थरावर थर चढत गेला, नाहीतर एवढी जाडी झालीच नसती, वर्धा खोऱ्यात काही जागी मुख्य सीम, म्हणजे कोळशाचा थर, १५ मीटरच्याही वर आहे!

मग मोठा पूर आला की दलदलीवर चिखल पसरायचा. खाणीतले लोक ज्याला पार्टिंग म्हणतात तो सीममधला शेलचा (चिखलाचा झालेला दगड) पट्टा म्हणजे हाच चिखल. बारीक गाळ तर कोळशातच मिसळून बसला, म्हणून धुतला तरी पुरता निघत नाही आणि आपल्या कोळशाची राख सहज ३० टक्क्यांच्या वर जाते. पॉवर हाऊसच्या राखेनं आमच्याकडचे लोक वैतागले आहेत, त्यात या जुन्या नदीचाही वाटा आहे म्हणा.

कधी नदीनं पात्र बदललं तर साचलेला थरच कापून नेला आणि तिथे रेती भरली. म्हणून एका बोअरमध्ये चांगला जाड कोळसा लागते आणि जवळच्याच दुसऱ्यात नुसता वाळूचा खडक.

मला सगळ्यात भारी वाटते ते वेगळंच. त्या खडकातल्या तिरप्या थरांवरून पाणी कुठे जायचं ते कळते, आणि ते जायचं उत्तर-वायव्येकडे, म्हणजे आजची वर्धा इथून जिकडे वाहते त्याच्या जवळपास उलट.