हॉटेलची खोली खराब निघाली तर पैसे परत कसे मागायचे

गादीच्या शिवणीत काळे ठिपके, गिझर बंद, बाथरूमच्या छताला बुरशी. अशी खोली मिळाली की बहुतेक जण रिसेप्शनवर जाऊन आवाज चढवतात, मॅनेजर ‘सकाळी बघू’ म्हणतो आणि प्रवासाने दमलेलं कुटुंब त्याच खोलीत झोपतं. सकाळी पैसे मागितले की उत्तर तयार असतं: ‘रात्र काढलीत ना? मग खोली वापरलीत.’ परताव्याचे बहुतेक वाद याच वाक्यावर अडतात. त्यामुळे बॅगा उघडण्याआधीच्या अर्ध्या तासात तुम्ही काय करता, याला पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारापेक्षा जास्त वजन असतं.

त्या अर्ध्या तासात आधी व्हिडिओ काढा. दाराबाहेरच्या खोली क्रमांकापासून सुरुवात करा आणि मध्ये न थांबवता पलंग, बाथरूम, गिझर, एसीपर्यंत या. तुकड्यातुकड्यांचा व्हिडिओ असेल तर ‘ही आमची खोलीच नाही’ म्हणायला हॉटेलला वाव मिळतो. ढेकणांचा संशय असेल तर उशाकडच्या कोपऱ्यातून चादर उचला, गादीच्या कडेची शिवण बोटांनी फाकवा आणि पलंगाच्या पाठीच्या फळीमागे टॉर्च मारा. शाई सांडल्यासारखे बारीक काळे ठिपके आणि फिकट सालपटं जवळून टिपा. मूळ फाइल फोनमधून पुसू नका. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि तो कधी काढला याची आतली नोंद निघून जाते.

मग तक्रार लेखी करा. तोंडी तक्रारीचा मागे काहीच पुरावा राहत नाही. हॉटेलच्या व्हॉट्सॲपवर, ईमेलवर आणि ॲपवरून बुकिंग असेल तर ॲपच्या मदत-चॅटवर एकच मजकूर टाका: ‘खोली क्र. २०४ सायं. ७.४० ला ताब्यात घेतली. गादीत ढेकूण आहेत, गिझर बंद आहे. ७.५५ ला रिसेप्शनवर सांगितलं. ९ वाजेपर्यंत दुसरी स्वच्छ खोली द्यावी. न मिळाल्यास आम्ही खोली सोडत आहोत आणि भरलेली पूर्ण रक्कम परत हवी आहे.’ वेळ, दोष, मागणी आणि मुदत एवढंच पुरे. ‘लूट चालवली आहे’ वगैरे लिहू नका. ‘पैसे द्या नाहीतर वाईट रिव्ह्यू टाकतो’ हे तर अजिबात नको, कारण उद्या तोच मेसेज तुमच्याविरुद्ध दाखवला जातो. चॅटचे स्क्रीनशॉट लगेच घ्या, काही ॲपवर संभाषण बंद झालं की नंतर सापडत नाही.

रात्र झाली आहे, सोबत लहान मुलं किंवा म्हातारी माणसं आहेत आणि दुसरी खोली मिळत नाही, असंही होतं. मग राहा, पण ‘पर्याय नसल्यामुळे, परताव्याचा हक्क राखून राहत आहोत’ असं त्याच रात्री कळवा. त्या रात्रीचे पूर्ण पैसे मिळणं अवघड होतं, पण उरलेल्या रात्रींची मागणी शाबूत राहते. निघताना रजिस्टरमध्ये निघाल्याची वेळ लिहून घ्या आणि जीएसटी क्रमांक असलेलं बिल मागा. कच्च्या पावतीवर समाधान मानू नका.

मागणी आकड्यात करा. समजा ४,२०० रुपये भाड्याची खोली तीन रात्रींसाठी घेतली. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे रात्रीचे ४,४१० आणि एकूण १३,२३०. एक रात्र काढून निघालात तर दोन रात्रींचे ८,८२० करासकट मागायचे. जवळपास त्याच दर्जाची दुसरी खोली करासह ५,७७५ ला घ्यावी लागली असेल, तर रात्रीमागे १,३६५ प्रमाणे २,७३० रुपयांचा फरकही मागा, त्या हॉटेलचं बिल जोडून. मनस्तापाची भरपाई वेगळ्या ओळीत लिहा. परताव्यात मिसळली की सगळीच मागणी फुगवलेली वाटते.

इथून टोलवाटोलवी सुरू होते. हॉटेल म्हणतं पैसे ॲपकडे आहेत, ॲप म्हणतं हॉटेलने मंजुरी दिली नाही. दोघांना एकाच ईमेलमध्ये घ्या, म्हणजे एकाने दुसऱ्यावर ढकललेलं दोघांसमोर राहतं. ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला वेगळं लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. ‘बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे’ या उत्तराने गप्प बसू नका. तुमचा बेत बदलला तर ती अट लागू होते. कबूल केलेली खोलीच मिळाली नाही, ही सेवेतील त्रुटी आहे. कूपन देऊ केलं तर ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ अशी अट आहे का ते आधी वाचा.

कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेत चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत कार्डावरचे पैसे परत, मागता येतो. कारण ‘सेवा सांगितल्याप्रमाणे मिळाली नाही’ असंच द्या. पुष्कळ जण रागाने ‘फ्रॉड’ निवडतात. बँक कार्ड बंद करते, हॉटेल रजिस्टरवरची तुमची सही दाखवतं आणि प्रकरण तिथेच पडतं. यूपीआयला अशा वादासाठी कार्डाइतकी भक्कम सोय नाही. म्हणून अनोळखी ठिकाणी सगळे पैसे आगाऊ यूपीआयने देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. बुकिंग मुळातच खोटं निघालं, तिथे हॉटेलच नाही, तर तो फसवणुकीचा गुन्हा आहे. वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

महिन्यात दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ते आदेश देऊ शकत नाहीत, तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करतात, पण मोठी ॲप्स या टप्प्यावर बऱ्याचदा पैसे सोडतात. छोटी हॉटेलं दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते: तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथेही तक्रार दाखल करता येते. तारकर्लीच्या हॉटेलविरुद्ध नागपूरकराने नागपुरातच दाद मागावी, सिंधुदुर्गात खेपा घालायची गरज नाही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येतं. व्हिडिओ आणि चॅट जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लावा. नाहीतर समोरचा वकील पहिला आक्षेप त्यावरच घेतो.

तक्रारीआधी १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. नोटीस हातात पडली की पुष्कळदा तडजोडीचा फोन येतो. फोनवर हो म्हणू नका. रक्कम आणि तारीख ईमेलवर मागा आणि पैसे खात्यात जमा झाल्याचं बघूनच तक्रार मागे घेत असल्याचं लिहून द्या.