धूर दिसेना, तरी मीटर वाजला

कमी धुराची चूल घ्यायची म्हटलं की लोक आधी चूल बघतात. मी आधी सरपण बघते, मग भांडी आणि मग चुलीपुढे जी बसणार तिची मनगटं. चुलींच्या चाचण्या घेणं हे माझं काम. प्रयोगशाळेत ते सोपं असतं. एका मापाची वाळवलेली लाकडं, ठरलेलं भांडं, ठरलेलं पाणी, वर धूर ओढून घेणारा हूड आणि हाताशी वजनकाटा. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं २०१८ सालचं मानक आहे, त्यानुसार चाचणी झाली की चुलीला शून्य ते पाच अशी श्रेणी मिळते. खोक्यावर छापलेली ती श्रेणी खोटी नसते. फक्त ती मिळवताना चूल पेटवणारा माणूस पगारी असतो, त्याला त्या वेळात दुसरं काम नसतं आणि त्याच्या कडेवर मूल नसतं.

म्हणून आम्ही घरांतूनही चाचण्या घेतो. ज्या घराबद्दल सांगते आहे, तिथे एकच चूल घ्यायची होती आणि मतं दोन होती. वहिनींना पंख्याची चूल हवी होती. कुणाकडे तरी ती पेटलेली त्यांनी बघितली होती आणि तिचा स्वच्छ जाळ त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. आजींना नवीन काहीच नको होतं. "चूल आहे की," एवढंच त्या म्हणाल्या आणि मोठ्यांदा खोकल्या. वहिनींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की पुढे बोलायची गरजच उरली नाही.

स्वयंपाकघर आतल्या अंगाला, एकच खिडकी आणि लागूनच झोपायची खोली. छप्पर काजळीनं काळंभोर. मी आणि माझ्या सहकाऱ्यानं तीन चुली नेल्या होत्या. एक रॉकेट जातीची, म्हणजे आडव्या तोंडातून लाकूड सारायचं आणि उभ्या, उष्णतारोधक नळीतून जाळ वर जाणार. दुसरी वहिनींच्या आवडीची, वरून पेटवायची, खाली छोटा पंखा असलेली. तिसरीचं नमुन्यादाखल जोडलेलं जोडकाम होतं: रॉकेटचीच जळणाची जागा, पण वर दोन भांड्यांची सोय आणि मागे धुराडं. धुराड्याची नळी आम्ही तात्पुरती खिडकीतून बाहेर काढली. कायमची बसवताना असं कधीच करायचं नसतं, त्याबद्दल पुढे.

पहिलं काम, सरपण. परसात रचलेली लाकडं वरून खडखडीत वाळलेली दिसत होती. आजींनी दोन लाकडं एकमेकांवर आपटून टणक आवाजही ऐकवला. ओलावा मोजायच्या यंत्राला दोन सुया असतात. त्या सालीत टोचून उपयोग नसतो, लाकूड फोडून आतल्या ताज्या अंगाला टोचायच्या. तसं केल्यावर जाड फाट्यांचा आकडा तीस टक्क्यांच्या पुढे गेला, बारीक काटक्या पंधराच्या आसपास राहिल्या. वीसच्या खाली असलेलं लाकूड आम्ही जळणाला चांगलं मानतो. ताज्या तोडलेल्या झाडात तर निम्म्यापर्यंत वजन पाण्याचंच असू शकतं.

इथे बहुतेकांचा समज असा असतो की ओलं लाकूड वाईट, कारण त्यातलं पाणी उकळण्यात उष्णता वाया जाते. जाते खरी, पण हिशेब केला तर ती तितकी मोठी नसते. मोठं नुकसान वेगळंच होतं. लाकूड तापलं की त्याच्या कोरड्या वजनाचा सत्तर-ऐंशी टक्के भाग वायू आणि डांबरट वाफांच्या रूपात बाहेर पडतो. आपल्याला दिसतो तो जाळ त्यांचाच. त्यांना पुरती उष्णता, पुरती हवा आणि जळायला क्षणभर सवड मिळाली नाही, तर त्या तशाच निसटतात आणि त्यालाच आपण धूर म्हणतो. ओलं लाकूड नेमकी ती उष्णता उतरवतं. थंड भांड्याच्या बुडाला जाळ फार जवळून भिडला तरी हेच होतं. भांड्याच्या बुडाला जमणारी काजळी म्हणजे न जळलेलं सरपणच.

आधी जुन्या चुलीचं मोजमाप घेतलं. धुरातले बारीक कण मोजणारं यंत्र चुलीपासून मीटरभरावर, बसलेल्या बाईच्या नाकाच्या उंचीला टांगलं. आजींनी फुंकणी उचलली आणि यंत्राचा आकडा घनमीटरला हजार मायक्रोग्रॅमच्या पलीकडे पळाला. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक पातळी चोवीस तासांच्या सरासरीला १५ आहे. या दोन आकड्यांची थेट तुलना करणं चूक, कारण एक सरासरी आहे आणि दुसरा पेटवतानाचा उंचवटा. पण दिवसातून दोन-तीनदा असे उंचवटे आले की सरासरीचं काय होणार हे सांगायला गणित लागत नाही.

मग रॉकेट चूल, मुद्दाम दोनदा पेटवली. आधी आजींच्या जाड फाट्यांवर आणि मग काटक्यांवर. फाट्यांवर ती जवळजवळ जुन्या चुलीइतकीच धुमसली. वहिनी म्हणाल्या, "मग हिच्यात नवीन काय?" काटक्यांवर मात्र नळीतून घूं घूं आवाज निघाला आणि कणांचा आकडा झरझर उतरला. तो आवाज म्हणजे हवा नीट ओढली जात असल्याची खूण. लाकडाखाली जी पत्र्याची फळी असते तिच्यामुळे हवा खालून निखाऱ्यांवर जाते, म्हणून ती काढून ठेवायची नाही आणि तोंड गच्च भरायचं नाही. नुसती टोकं जळत राहिली पाहिजेत आणि जळतील तशी लाकडं पुढे सारायची. यात फुंकावं लागत नाही, पण चूल सोडून फार वेळ लांबही जाता येत नाही. विकणारे हे सांगत नाहीत.

आणि मग पंख्याची चूल. तिच्यात बोटाएवढे ढलपे उभे-आडवे भरायचे आणि वरून पेटवायचे. आग वरून खाली सरकते, खालच्या लाकडातून निघालेला वायू तापलेल्या कोळशाच्या थरातून वर येतो आणि तोंडाशी भोकांतून येणाऱ्या हवेत मिसळून जळतो. चांगली पेटली की गॅसच्या शेगडीसारखी दिसते. त्या दिवशीही तशीच पेटली. कणांचं यंत्र जवळजवळ खोलीतल्या हवेच्या आकड्यावर आलं. नातवंडं बघायला गोळा झाली, वहिनींचा चेहरा फुलला. सहकारी पाण्याच्या तापमानाच्या नोंदी घेत होता, मी परसात पुढच्या फेरीचे ढलपे तोलत होते. बाहेर वारा सुटला होता आणि खिडकीतून आत आलेला झोत जाळ हलवत होता. धूर तर नव्हताच. तेव्हा कुणीतरी खिडकी ओढून घेतली आणि वाऱ्यानं दार लोटलं गेलं.

मीटर वाजला तेव्हा खोलीत डोळ्यांना चुरचुरण्यासारखं काहीही नव्हतं. कण मोजणारं यंत्र गप्प होतं. वाजत होता तो सहकाऱ्याच्या खिशाला लावलेला कार्बन मोनॉक्साइडचा मीटर. त्याचा पहिला इशारा ३५ पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३५ भागांना, ठेवलेला असतो आणि आकडा तो ओलांडून शंभराकडे चालला होता. आम्ही दार-खिडकी उघडली, मुलांना आणि आजींना परसात पाठवलं, चूल चिमट्यांनी उचलून बाहेर नेली. कुणाला काही झालं नाही. आकडा उतरायला मात्र वाटलं होतं त्याहून जास्त वेळ लागला.

झालं होतं ते असं. आग तळाशी पोचली तेव्हा ढलप्यांतला सगळा वायू संपला होता आणि उरला होता तो डबाभर तापलेला कोळसा. कोळशाला धूर नसतो, कारण धूर होणारा ऐवज आधीच निघून गेलेला असतो. पण कोळसा जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड बनतो आणि वहिनींनी, जाळ संपत आला म्हणून, पंखा मंद केला होता. ह्या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या घरातल्या हवेविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साधारण ३० पीपीएमच्या हवेत तासाभराहून जास्त राहू नये. शंभराजवळच्या हवेत तर पाव तासही नाही.

मी हे परसात उभी राहून समजावत होते, तेव्हा आजी मध्येच म्हणाल्या, "म्हणजे शेगडीचंच की. निखाऱ्याची शेगडी आत घेऊन दार लावून निजायचं नाही, हे माझी आई सांगायची. तुम्ही ती शेगडी उंच केली आणि पंखा लावला." माझ्या कामाची भाषणं मी अनेकदा दिली आहेत, त्यांत इतकं नेमकं वाक्य एकही नव्हतं.

म्हणजे पंख्याची चूल वाईट असं नाही. तिन्हींत कण सर्वांत कमी तिनेच सोडले. पण तिच्या अटी आहेत. एका मापाचे, कोरडे ढलपे लागतात. मध्येच वरून लाकूड टाकलं तर ती भसकन धूर ओकते. शेवटचा कोळसा जाळत बसण्याऐवजी तो ताबडतोब बाहेर नेऊन झाकणाच्या डब्यात विझवायचा. बॅटरी वेळेवर चार्ज करायची. मी वहिनींना विचारलं, रोज ढलपे कोण पाडणार? त्यांनी आजींकडे बघितलं. आजींनी आपली मनगटं पुढे केली. सांधे सुजलेले होते, कुऱ्हाड त्यांनी कधीच खाली ठेवली होती.

भांड्यांची परीक्षाही आजींनीच घेतली आणि ती आमच्या नोंदवहीत कुठेच नव्हती. घरातलं सर्वांत मोठं पातेलं पाण्यानं भरून त्यांनी प्रत्येक चुलीवर ठेवलं आणि कड धरून जोरात हलवलं, घोटताना हलेल तसं. पंख्याची चूल डगमगली. सुटी रॉकेट चूल त्यांना उंच पडली, बसून हात पोचेना. जोडकामाची तिसरी चूल हलली नाही, कारण तिचा पाया रुंद होता. तेव्हापासून मी स्थिरतेचा रकाना वेगळा ठेवते. ज्या चुलीची भीती वाटते ती आठवड्याभरात कोपऱ्यात जाते आणि जुनी पुन्हा पेटते.

हे जुनीचं पेटणं सगळ्यात अवघड. मलावीमध्ये दहा हजारांहून अधिक लहान मुलांचा समावेश असलेला एक मोठा अभ्यास झाला. निम्म्या ठिकाणी पंख्याच्या चुली दिल्या होत्या. तरी मुलांचा न्युमोनिया कमी झालेला दिसला नाही, असे त्याचे निष्कर्ष २०१६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. कारणांवर बरीच चर्चा झाली. इतर जागचा धूर, कचरा जाळणं, चुली बिघडणं, जुनी चूल सोबत चालू राहणं. नवी चूल आणली म्हणून घरातली हवा आपोआप बदलत नाही, हे आमच्या क्षेत्रात तरी आता कुणी नाकारत नाही.

शेवटी धुराड्याची चूल ठरली. मला वाटतं त्या घराला तीच योग्य होती, कारण जाडजूड सरपण, बसून काम, एका वेळी दोन भांडी आणि शेजारी झोपायची खोली. पण धुराड्याबद्दल मी वहिनींना स्पष्ट सांगितलं की ते धूर कमी करत नाही, बाहेर नेतं. धूर कमी करते ती खालची जळणाची जागा आणि कोरडं लाकूड. या चुलीला तापायला वेळ लागतो, पहिलं पाणी जुन्या चुलीपेक्षा उशिरा उकळेल, त्याची कुरकूर आधीच करून घ्या. नळी सरळ उभी, छपराच्या माथ्याहून वर जायला हवी. कडेला खिडकीतून काढलेली नळी वाऱ्याच्या एका झोतात सगळं आत परत पाठवते. छपरातून जाते तिथे लाकूड किंवा गवत तिला लागता कामा नये. आणि आतली काजळी ठराविक काळानं ब्रशनं खरवडायची, नाहीतर ओढ मरते आणि साठलेली काजळी पेटूही शकते.

"आणि हा मीटर?" वहिनींनी विचारलं. कार्बन मोनॉक्साइडचा एक साधा, भिंतीला लावायचा इशारा मीटर झोपायच्या खोलीत लावा, असं मी सुचवलं. चूल कुठलीही असो. त्यांनी तो लावून घेतला. सरपणासाठी परसात उंच ओट्यावर, वर छप्पर आणि बाजू मोकळ्या, अशी मांडण उभी केली आणि जाड फाटे फोडूनच रचायचे असं ठरलं. फोडायचं काम मुलाकडे गेलं. त्यानं त्या दिवसापर्यंत चुलीच्या विषयात फारसा भाग घेतला नव्हता.

पुढे आम्ही दोन दिवसांचं मोजमाप घ्यायला परत गेलो. स्वयंपाकघराची सरासरी पूर्वीपेक्षा पुष्कळ खाली आली होती, १५ च्या जवळपास मात्र नव्हती. लाकूड जळतं तिथे ती सहसा येतही नाही. छपराची काजळी तशीच होती, पण भिंतीला नव्यानं पांढरं दिलं होतं. परसात तीन दगडांवर आंघोळीच्या पाण्याचा हंडा चढवलेला दिसला, खाली आजींचे तेच जाड फाटे. आजी म्हणाल्या, "हे बाहेर आहे, हे तुमच्या यंत्रात धरायचं नाही." धरायचं की नाही यावर माझं आणि सहकाऱ्याचं परतीच्या वाटेवर भांडण झालं. त्याच्या मते अहवाल स्वयंपाकघराचा आहे. मी दुसऱ्या यंत्राची मागणी नोंदवली आहे.