आजेसासूबाईंशिवाय पहिला योम हाशोआ

आज योम हाशोआ, नाझींनी केलेल्या यहुद्यांच्या संहाराचा स्मृतिदिन. सकाळी दहा वाजता इस्राएलभर दोन मिनिटे भोंगा वाजला आणि दरवर्षीप्रमाणे अश्दोदच्या रस्त्यावर माणसे गाड्यांतून उतरून स्तब्ध उभी राहिली. माझ्या हातात आजेसासूबाईंचा हात मात्र या वर्षी प्रथमच नव्हता.

हंगेरीतून १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत चार लाखांहून अधिक यहुद्यांना रेल्वेने, बहुतेकांना आउशवित्झ या नाझींच्या संहारछावणीत, नेण्यात आले. सोळा वर्षांच्या आजेसासूबाई आईसोबत अशाच एका डब्यात होत्या. उतरल्यावर आईला दुसऱ्या रांगेत पाठवले, एवढेच त्या सांगत. पुढचे कधीच नाही, आणि मीही कधी विचारले नाही.

मी कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, घरातली. आमच्याकडे आजी मराठीतून कीर्तने म्हणायची. युरोपातले हे दुःख मला लग्नानंतरच जवळून कळले. घरी मलिदा केला की गोड पोह्यांचा ताटलीला चिकटलेला शेवटचा कणही आजेसासूबाई बोटाने टिपून खात आणि उरलेला पाव रुमालात बांधून उशाशी ठेवत. आम्ही तो कधीही हलवला नाही.

काल सूर्यास्ताला त्यांच्या नावाने दिवा लावला आणि शेजारी पावाचा एक तुकडा ठेवला.