84 फूट 10 इंच

आपल्या शाळेच्या मैदानात सॉफ्टबॉलचा डायमंड, म्हणजे चार बेसचा चौकोन, बसवायचा तर होम प्लेट, म्हणजे बॅटिंगची जागा, थेट प्रयोगशाळेच्या भिंतीजवळ घ्यावी लागायची, नाहीतर सेकंड बेस सायकल स्टँडमध्ये जायचा. एका बेसपासून पुढचा बेस 60 फूट, आणि होमपासून सेकंड तिरकं मोजलं की 84 फूट 10 इंच. पीटीचे सर टेप धरून हे स्वतः मोजायचे, फक्कीपण स्वतःच मारायचे, आणि कोणी म्हटलं की सर शाळेतच तर खेळतोय एवढं काटेकोर कशाला, तर म्हणायचे, "कॅचरला विचार."

कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारी, ती मी. नव्वदच्या दशकातली मुलींची टीम. सगळ्यांना पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, व्हायचं होतं, माझे डोळे बॅट फिरताना मिटत नाहीत एवढ्या एका गुणावर मला होमच्या मागे बसवलं, आणि मग चार वर्षं मी तिथेच.

सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातातून बॉल सुटेपर्यंत रनरला, म्हणजे बेसवर उभ्या असलेल्या बॅटिंग टीमच्या मुलीला, बेस सोडता येत नाही. पण सुटला की ती पळालीच, आणि चांगली पळणारी मुलगी तीन-साडेतीन सेकंदांत सेकंडवर पोचते. त्यातला साधारण अर्धा सेकंद बॉल माझ्यापर्यंत यायला जातो, थोडा वेळ सेकंडवर टॅग करायला, म्हणजे तिला बॉल लावून आऊट करायला, लागतो, उरलेल्या वेळात उठायचं, बॉल ग्लोव्हजमधून काढायचा आणि 84 फूट 10 इंच लांब फेकायचा. बघणाऱ्यांना वाटतं कॅचरच्या दंडात ताकद पाहिजे. सर माझ्या दंडाकडे बघायचेच नाहीत, पायांकडे बघायचे. उभी राहून मग फेकू नको, उठता उठता फेक, उजवा पाय आडवा टाक म्हणजे डावा खांदा आपोआप सेकंडकडे होतो, हात बॉल शोधायला पुढे नेऊ नको, ग्लोव्हजच उजव्या कानापाशी आण आणि तिथे बॉल घे. गरम भाकरी जशी या हातातून त्या हातात जाते तेवढाच वेळ बॉल ग्लोव्हजमध्ये राहायला पाहिजे. बोटं शिवणीवर आडवी, म्हणजे बॉल सरळ जातो, वळत नाही. 12 इंच घेराचा बॉल आठवीतल्या मुलीच्या हातात दोन बोटांनी बसत नाही, तर तीन बोटं लावायची, त्यात कसली लाज. कोपर खांद्याच्या खाली गेलं की सर शिट्टी मारायचे. आणि फेक सेकंडवर आलेल्या शॉर्टस्टॉपच्या (सेकंड-थर्डच्या मधल्या फील्डरच्या) छातीवर नाही, बेसच्या वर गुडघ्याएवढी, फर्स्टच्या अंगाला, कारण रनर तिथूनच घसरत येते, बॉल जिथे आला तिथेच टॅग होऊन जातो. डिसेंबरात सकाळी साडेसहाला नाशिकच्या थंडीत हे सगळं करायचं म्हणजे तळहात झिणझिणायचा. मोकळा हात मात्र पाठीमागे, अंगठा मुठीत, यावर सर फार कडक होते.

पण खरी गंमत बॉक्सची. बॅटरने उभं राहायचा आखलेला बॉक्स 3 फूट रुंद, 7 फूट लांब, प्लेटच्या मध्यापासून 4 फूट पुढे आणि 3 फूट मागे. दोन इनिंगमध्ये ती फक्की पुसून जाते आणि सगळे वाद तिथूनच सुरू होतात. एक मॅच अजून आठवते, शिवाजी स्टेडियमवर होती. आमची रनर फर्स्टवर. ती सेकंडला पळाली, आमच्या बॅटरने बाहेरच्या बॉलवर जोरात बॅट फिरवली, बॉल लागला नाही आणि झोकात तिचा पाय प्लेटवर आला. समोरच्या टीमची कॅचर फेकायला उठली ती तिला अडखळली आणि बॉल गेला थेट सेंटर फील्डमध्ये. आमची रनर थर्डपर्यंत जाऊन पोचली, आमच्या बाजूला नुसता आरडाओरडा, आणि अंपायरचे दोन्ही हात वर. डेड बॉल. बॅटर आऊट, रनर परत फर्स्टवर. आमच्यातल्या एकीचे काका बाउंड्रीवरून ओरडत होते की अहो मुद्दाम नाही केलं तिने! सर जागचे हलले नाहीत. त्यांना म्हणाले, "काका, पाय बाहेर गेला की मुद्दाम का चुकून हे कोणी विचारत नाही."

पुढच्याच इनिंगला उलटं. त्यांची रनर सेकंडवरून थर्डला निघाली, बॅटर उजव्या हाताची, म्हणजे थर्डच्याच बाजूला, बरोबर माझ्या डोळ्यांसमोर उभी. ती बॉक्समध्ये पुतळ्यासारखी उभी राहिली, बॅटसुद्धा हलवली नाही, मी तिला वळसा घालून फेकेपर्यंत रनर पोचलेली. आता आमचा बेंच ओरडायला लागला, इंटरफिअरन्स, इंटरफिअरन्स, म्हणजे अडथळा केला! अंपायरने नुसती मान हलवली. सर तेव्हाही तसेच. बॉक्स तिचा आहे, तिथे उभं राहायचा तिला हक्क आहे, अदृश्य व्हायला तिला कोणी सांगितलेलं नाही. आतमध्ये राहून मुद्दाम आडवी आली, वाकली, हात घातला, तरच आऊट. थोडक्यात काय, बाहेर गेली तर हेतू बघत नाहीत, आत असेल तर हेतूच बघतात. मला तेव्हा हे दोन्ही नियम आमच्याच विरुद्ध लिहिलेत असं वाटलं होतं. मॅच एका रनने गेली, सीबीएसच्या स्टॉपवर पंचवटीची बस येईपर्यंत आमचं भांडण चालू.

दुसऱ्या दिवसापासून प्रॅक्टिस बदलली. सरांनी बॅटरला बॉक्समध्ये उभं केलं, मला टेनिस बॉल दिला आणि थर्डला फेकायला लावलं. बॉल अंगाजवळ आला तर बॅटरच्या मागून पाऊल टाकून फेक, बाहेरचा असेल तर पुढून, पण तिच्या अंगावर नेम धरून अंपायरकडे आऊट मागायचा नाही, तसं करणाऱ्या कॅचर असतात. बॅटर मुलींना वेगळा धडा, स्विंग झाला की गोठून जा. आणि मला एक जास्तीचा, ग्लोव्हज बॅटच्या वाटेत पुढे नेऊ नको, कारण बॅट ग्लोव्हजला लागली तर चूक कॅचरची, बॅटरला फर्स्ट फुकट, आणि त्या बॉलवर झालेल्या खेळात त्यांचा जास्त फायदा असेल तर त्यांचा कोच तोच निकाल घेऊ शकतो.

आता मी सुट्टीच्या दिवशी शालेय मॅचना अंपायरिंग करते. बाउंड्रीवरचे पालक अजूनही "मुद्दाम नाही केलं" असंच ओरडतात, फक्त आता माझ्यावर. हल्ली रनर पळाली की बॅटर वाटेल त्या बॉलवर बॅट फिरवते, कॅचरला अर्धं पाऊल उशीर व्हावा म्हणून. कोच माझ्याकडे धावत येतात. पण ती खरंच आलेल्या बॉलवर खेळत असेल आणि पाय आत असतील तर मी काही देत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानने गोल्ड घेतलं ते मी मुद्दाम कॅचरच्या मागच्या कॅमेऱ्यातून परत परत बघितलं, आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय, तोपर्यंत आपल्या मुलींनाही होमच्या मागे बसायला आवडावं एवढी इच्छा आहे.

म्हणून शाळेच्या महोत्सव समितीला एक विनंती. स्टेजला रंग, कमान, स्मृतिचिन्हं हे सगळं करालच, पण त्यातून कॅचरचा एक सेट घ्या, मास्क, चेस्ट गार्ड, लेग गार्ड, आणि लहान साइझचा घ्या. आमच्या वेळी मुलांचाच सेट होता, लेग गार्ड मांडीपर्यंत यायचे आणि मास्कला पट्ट्याऐवजी परकराची नाडी होती. निम्मे पैसे आमच्या बॅचकडून, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्या हो म्हणाल्यात, उरलेल्याचं तेवढं बघा.