बाजारभाव ॲप: ‘मागे’ बटण वठणीवर आलं

बाजार समित्यांतले शेतमालाचे दर दाखवणारं हे माझं ॲप. त्यातले पडदे बदलणारी लायब्ररी, रिॲक्ट नॅव्हिगेशन, ६ वरून ७ वर गेल्यापासून ‘मागे’ बिघडलंय, हे मागच्या नोंदीत आलंच होतं. लातूरला आडतीवर बसणारे आमचे काका ॲपचे पहिले परीक्षक. त्यांची तक्रार एकच: “काय की बाबा, मागं दाबलं की परत तेच सोयाबीन येऊलालंय!”

शेवटी नॅव्हिगेशनची सगळी स्टेट (कोणते पडदे उघडे आहेत त्याची नोंद) लॉगमध्ये छापली, आणि चोर सापडला. भाव, निवड, भाव, निवड, भाव... अशी चळतच लागलेली! (‘भाव’ हा दरांचा पडदा, ‘निवड’ हा बाजार समिती निवडायचा.) ‘निवड’मध्ये बाजार समिती बदलली की मी ‘नॅव्हिगेट’ या आज्ञेने ‘भाव’वर परतायचो. सहामध्ये त्या नावाचा पडदा स्टॅकमध्ये, म्हणजे पडद्यांच्या चळतीत, आधीच असेल, तर ‘नॅव्हिगेट’ त्याच्यापर्यंत मागे जायचं. सातमध्ये ते नवा पडदा वर चढवतं. खालचे पडदे माउंट झालेलेच, म्हणजे चालूच, राहतात, म्हणून प्रत्येक ‘भाव’चा टायमर स्वतंत्रपणे नवे दर मागवत होता. काकांचा नेटपॅक दुपारीच का संपतो, तेही कळलं. टायमर आता ‘यूज-फोकस-इफेक्ट’मध्ये, म्हणजे पडदा समोर असेल तेव्हाच चालणार.

परतीच्या वाटेला ‘पॉप-टू’ (आधीच्या पडद्यापर्यंत मागे नेणारी आज्ञा) लावलं आणि चळत मोडली. पण उदगीरची समिती निवडली की सोयाबीन गायब! नवे पॅराम्स (पडद्याला पाठवलेली माहिती) जुन्यांना पुसून टाकत होते. ‘मर्ज’ (जुनं-नवं एकत्र करणं) चालू केल्यावर दोन्ही टिकले. जुनं वागणं तसंच हवं असेल तर ‘नॅव्हिगेट-डेप्रिकेटेड’ आहे, पण ज्याच्या नावातच निवृत्ती लिहिलीय त्याच्या भरवशावर कोण राहणार? आणि खरं सांगू, मला हा बदल पटला. एकाच हाकेने कधी पुढे, कधी मागे जाणं हीच मुळात भानगड होती.

व्हॉट्सॲपच्या लिंकवरून थेट ‘भाव’ उघडला की मागे दाबल्यावर ॲपच बंद व्हायचं. लिंकिंगच्या कॉन्फिगमध्ये (लिंक कुठे उघडायची ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) ‘इनिशियल-राउट-नेम’, म्हणजे तळाच्या पडद्याचं नाव, दिलं, आता खाली मुखपृष्ठ असतं. ते मात्र चुटकीसरशी झालं.

आता खरं तर एक्स्पो राउटर या दुसऱ्या लायब्ररीकडे जायचं ठरवलं होतं. पण तेही आतून रिॲक्ट नॅव्हिगेशनच. चौथ्या आवृत्तीपासून तिथलं ‘नॅव्हिगेट’ही नवा पडदाच चढवतं, आणि परतायला ‘डिसमिस-टू’. फायलींच्या नावांवरून वाटा आखणं देखणं आहे, पण एवढ्याशा ॲपसाठी सगळी मांडामांड कशाला? विक्स कंपनीची अशीच लायब्ररी तर नकोच, नेटिव्ह (अँड्रॉइड-आयओएसच्या) फायलींत हात घालायचा मला कंटाळा.

हे लिहिता लिहिता सुचलं: ‘निवड’ला पूर्ण पडदा हवाच कशाला? रिॲक्ट नॅव्हिगेशनच्याच नेटिव्ह स्टॅकमध्ये ‘फॉर्म-शीट’ आहे, खालून वर येऊन अर्ध्या उंचीवर थांबणारं. खाली दर दिसत राहतील आणि काका वरच्यावर समिती बदलतील. म्हणजे एक्स्पोचा बेत रद्द, या रविवारी शीट. समित्यांची यादी लांबलचक आहे. जुन्या अँड्रॉइडवर शीटच्या आत अशी यादी सरकवून पाहिलीय का कुणी? बोट यादीला लागतं की शीटच खाली ओढलं जातं?