मराठवाडा इलेव्हन

आमच्याकडं क्रिकेटची टीम नाही, पण टीम काढायची हौस दांडगी. एसटी लागायला वेळ असला, दवाखान्यात नंबर लांब असला, लग्नात अक्षतांना उशीर होत असला की कोणीतरी खिशातून पेन काढतो आणि लग्नपत्रिकेच्या पाकिटावर नावं लिहायला लागतो. मराठवाडा इलेव्हन. या टीमला संघटना नाही, मैदान नाही, टोपी नाही. अट एकच, माणूस आपल्या आठ जिल्ह्यांतला पाहिजे. मग तो कुणाकडून खेळला हे विचारायचं नाही. ते विचारायला गेलं तर पाकीट कोरं राहतं.

कारण रणजी करंडकात आपल्या राज्याचे संघ तीन. मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. मुंबईनं करंडक ४२ वेळा नेला. विदर्भाचं कुणी नाव घेत नव्हतं, त्यांनी २०१७-१८ पासून तीनदा नेला. २०२४ च्या मार्चमध्ये वानखेडेवर फायनल झाली ती मुंबई आणि विदर्भ यांच्यातच. म्हणजे करंडक कुणीही उचलला तरी राज्यातच राहणार होता, आणि ज्याच्या नावातच महाराष्ट्र आहे तो संघ तेवढा तिथं नव्हता. आम्ही मोडतो त्या तिसऱ्या संघात. त्याचा कारभार पुण्यातून चालतो आणि त्याचे दोन्ही करंडक १९३९-४० आणि १९४०-४१ या सालांतले. कप्तान होते प्रा. दि. ब. देवधर, पन्नाशीला टेकलेले. विजय हजारे त्या संघात होते. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ अशा तीन वेळा महाराष्ट्र फायनलला पोचला आणि तिन्ही वेळा हरून आला.

आता गंमत बघा. देवधर करंडक उचलत होते तेव्हा आम्ही महाराष्ट्रात नव्हतोच. आम्ही निजामाच्या राज्यात. त्या हिशेबानं आमच्या आजोबांचा संघ म्हणजे हैदराबाद, आणि हैदराबादनं तर १९३७-३८ सालीच, नवानगरला एका विकेटनं हरवून, रणजी जिंकलेली. म्हणजे पुणेकरांच्या आधी दोन वर्षं करंडक आमच्या घरात आला होता म्हणायचा! अर्थात आजोबांना यातलं काही ठाऊक असेल असं मला वाटत नाही. त्यांना लेव्हीचं धान्य कसं भरायचं याची चिंता. पुढं १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी, डिसेंबरात, पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद राहिले. एका डावातल्या सर्वाधिक धावांचा ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता. समोरच्या राजकोटच्या ठाकूरसाहेबांना आपल्या संघाची एवढी धुलाई पुस्तकात जायला नको होती. त्यांनी पुढं खेळायलाच नकार दिला आणि सामना सोडून दिला. निंबाळकरांना कसोटी कधी मिळाली नाही. हा माणूस कोल्हापूरचा, आमचा त्याच्यावर काही हक्क नाही. तरी पण गोष्ट आमच्या पाकिटावरच्या चर्चेत येतेच, त्याचं कारण पुढं सांगतो.

पाकिटावर पहिली दोन नावं कुणालाही विचारा, तीच निघतात. ३ डिसेंबर २००१, मोहाली, इंग्लंडविरुद्धची कसोटी. त्या दिवशी भारताकडून तीन नवे खेळाडू उतरले. केरळचा टिनू योहानन, बीडला जन्मलेला संजय बांगर आणि औरंगाबादचा वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दीकी. अकरांत दोन आपले! विकासाच्या अनुशेषात सुद्धा मराठवाड्याला एवढा वाटा कधी मिळाला नाही.

सिद्दीकीची कथा तर एखाद्या रंगलेल्या पारावर सांगावी अशी आहे. गोलंदाज म्हणून आला, सामन्यात विकेट मिळाली एक. खालच्या क्रमांकावर येऊन २४ धावा केल्या. शेवटच्या डावात भारताला जिंकायला हव्या होत्या फक्त पाच. गांगुलीनं काय करावं, दीप दासगुप्ताबरोबर सलामीला सिद्दीकीला पाठवलं. त्या पाचही धावा यानंच काढल्या. भारत दहा विकेटनी जिंकला, हा विजयी वीर म्हणून नाबाद परतला, आणि पुन्हा भारताकडून कधी खेळला नाही. एक कसोटी, त्यात नवा चेंडूही हाती घेतला आणि सलामीलाही गेला. आमच्या पाकिटावर म्हणून त्याच्या नावापुढं 'ऑलराउंडर' असं लिहितात आणि कुणी हरकत घेत नाही.

बांगरचं तसं नाही. तो बराच खेळला, १२ कसोट्या. पण तो खेळला रेल्वेकडून. बीडच्या माणसानं रेल्वेकडून खेळावं यातला विनोद बीडच्याच माणसाला कळतो. नगर-बीड-परळी रेल्वेची मागणी करता करता आमच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. प्रत्येक निवडणुकीत ती गाडी यायची आणि मतमोजणी झाली की जायची. बीड शहरात खरीखुरी गाडी धावली १७ सप्टेंबर २०२५ ला. बांगर तोवर निवृत्त होऊन बारा वर्षं उलटली होती. बीडला रूळ पडायच्या कितीतरी आधी बीडचा माणूस रेल्वेत पक्का होता.

त्याची इंग्लंडमधल्या हेडिंग्लेची खेळी आमच्याकडं भारनियमनात पाहिली गेली. ऑगस्ट २००२. ढगाळ हवा, चेंडू दोन्ही बाजूंनी हलतोय, आणि गांगुलीनं टॉस जिंकून बॅटिंग घेतलेली. सेहवाग लवकर गेला. मग बांगर आणि द्रविड उभे राहिले ते उभेच. लाइट गेली तेव्हा बांगर खेळत होता आणि लाइट आली तेव्हाही बांगरच खेळत होता. २३६ चेंडू, ६८ धावा. त्या डावात पुढं द्रविडनं १४८ काढल्या, तेंडुलकरनं १९३, गांगुलीनं १२८, आणि भारत एक डाव ४६ धावांनी जिंकला. साहजिकच लोकांना ती तीन शतकं आठवतात. माझं मत विचाराल तर त्या तिघांच्या आधी पहिल्या दिवशीच्या चेंडूचा सगळा ताजा मार बांगरनं अंगावर घेतला, आणि दुष्काळी भागातल्या माणसाला हे काम निराळं शिकवावं लागत नाही. याला कुणी प्रांताभिमान म्हणेल. म्हणू द्या.

तिसरं नाव जालन्याचा विजय झोल. निंबाळकरांची गोष्ट निघते ती इथं. २०११-१२ च्या मोसमात कूचबिहार करंडकात, म्हणजे एकोणीस वर्षांखालच्या स्पर्धेत, या पोरानं महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध ४५१ नाबाद केल्या. निंबाळकर ब्रॅडमनच्या आकड्यापासून नऊ धावांवर अडकले, झोल एकाच धावेवर! हा सामना प्रथम श्रेणीचा, म्हणजे रणजीच्या तोलाचा, नव्हता, त्यामुळं दोन आकडे शेजारी मांडायचे नसतात, हे आम्हालाही कळतं. पण पाकिटावर सगळं मांडलं जातं. झोल पुढं २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचा कप्तान झाला. आणि त्याच वर्षी जानेवारीत वानखेडेवर जे झालं ते तर जालन्यात अजून निघतं. रणजीची उपांत्यपूर्व फेरी, समोर मुंबई. केदार जाधव नाबाद १२०, झोल नाबाद ९१, आणि महाराष्ट्रानं मुंबईला तिच्याच घरात आठ विकेटनी हरवलं. त्या मोसमाची फायनल झाली ती हैदराबादला, आजोबांच्या राजधानीत. तिथं कर्नाटकनं हरवलं ते हरवलंच.

चौथा पैठणचा अंकित बावणे. ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्लीविरुद्ध त्यानं आणि स्वप्नील गुगळेनं तिसऱ्या विकेटसाठी ५९४ धावांची अखंड भागी केली. गुगळे ३५१, बावणे २५८. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये तोवर याहून मोठी भागी एकच होती, संगकारा आणि जयवर्धनेची ६२४. हजारे आणि गुल महंमद यांची ५७७ ची जुनी भागी मागं पडली. सामना झाला मात्र अनिर्णित, आणि दिल्लीकडून ऋषभ पंत नावाच्या पोरानं त्याच सामन्यात ३०८ मारल्या. पेपरात बातमी वाटून गेली. बावणे महाराष्ट्राचा कप्तानही झाला, पण भारताच्या मुख्य संघाची टोपी त्याला मिळाली नाही. इतक्या धावा करून दारात उभा राहिलेला माणूस आमच्याकडं सगळ्यांना ओळखीचा वाटतो.

मग येतात नवीन पोरं. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर, २०२२ चा युवा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. चेन्नईनं त्याला दीड कोटीला घेतलं. पहिल्याच आयपीएल सामन्यात तीन विकेट. आणि बीडचा सचिन धस. २०२४ ची युवा विश्वचषकाची उपांत्य फेरी, दक्षिण आफ्रिकेत, त्यांच्याचविरुद्ध. भारत ४ बाद ३२. धसनं ९६ काढल्या, उदय सहारनबरोबर १७१ ची भागी केली. वडिलांनी नाव ठेवलं ते तेंडुलकरवरून. नाव ठेवलेली पोरं बीड जिल्ह्यात गल्लोगल्ली आहेत, नाव राखणारं हे एक.

झाले सहा. इथं पेन थांबतं.

पाच जागा का भरत नाहीत, यावर माझा एक सिद्धांत आहे. आमच्या पोरांचं क्रिकेट टेनिस बॉलचं. ज्वारी निघाली की रान मोकळं होतं, मग 'आमदार चषक' सुरू होतो, माइकवर कॉमेंट्री, विहिरीच्या बाजूला मारला तर आउट. टेनिस बॉल वळत नाही, त्यामुळं फिरकीला कुणी विचारत नाही. जोरात टाका नाहीतर जोरात मारा. विकेटमागं उभं करायचं ते ज्याला दोन्ही येत नाही त्याला. म्हणून आमच्या यादीत वेगवान आहेत, फटके मारणारे आहेत, पण फिरकीवाला नाही आणि कीपर नाही. लेदर बॉल, टर्फची विकेट, नेट, कोच हे सगळं मनावर घ्यायचं तर पुण्यात खोली करून राहावं लागतं, आणि तो खर्च शेतीवर निघत नाही.

२०२३ ला महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हा वाटलं आता पाकिटाची गरज संपली. 'छत्रपती संभाजी किंग्ज' म्हणून टीम निघाली, हंगरगेकर तिचा आयकॉन. पण पहिल्या वर्षीचे सगळे सामने पुण्याजवळ गहुंज्याला. रत्नागिरीचा संघ रत्नागिरीला न खेळता चॅम्पियन झाला, तसेच आमचेही किंग्ज घरापासून अडीचशे किलोमीटरवर आमचं नाव लावून खेळले. राग नाही. स्टेडियम म्हटलं की पाणी आलं, आणि पाण्याचा विषय आमच्याकडं जपून काढावा लागतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं. पुण्याची टीम विशाखापट्टणमला गेली. मॅच तिकडं गेली म्हणून लातूरच्या नळाला पाणी आलं असं काही झालं नाही. तेव्हा आमच्या नावानं सामने हलवले गेले, आता आमच्या नावानं टीम निघाली. मैदानात आमचा पाय दोन्ही वेळेला नव्हता.

तर पाच जागा. इथं लोक नकाशाशी खेळायला लागतात. झहीर खान श्रीरामपूरचा, म्हणजे वैजापूरहून तासाभराची वाट. अजिंक्य रहाणेचं गाव संगमनेर तालुक्यात. नगर जिल्हा तेवढा मराठवाड्यात घेतला की गोलंदाजी आणि फलंदाजी दोन्हींचा प्रश्न मिटतो. सोलापूर घेतलं तर अर्शिन कुलकर्णी येतो, तुळजापूरहून सोलापूर आहेच किती लांब? पाहुण्यांत नगरचा माणूस असला तर तो अर्थातच म्हणतो, "झहीर पाहिजे आणि दुष्काळ नको, असं कसं चालंल मामा?"

कीपरचा प्रश्न मात्र नगर घेऊनही सुटत नाही. मागच्या खेपेला एकानं तोडगा काढला, ग्लोव्हज बांगरला द्या.

"काय बोलायलाव भाऊ, त्रेपन्न वय झालंय त्यांचं."

"मग? देवधर पन्नाशीत करंडक उचलत होते की!"

"देवधर कीपिंग करत नव्हते."

"बांगर तरी कुठं करत होते?"

यावर कुणाला काही बोलता येईना. पाकिटावर सातव्या क्रमांकापुढं कंसात 'की' लिहिलं आणि नावाची जागा मोकळी ठेवली.