बॅशबगमधला रिकामा रकाना

तिसरी संध्याकाळ. बॅश या शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, लांब कमांड टाइप करताना ओळ खाली उतरायच्या ऐवजी स्वतःच्याच डोक्यावर चढायची, तो घोळ अखेर सापडला. शेल निर्दोष, आरोपी मीच.

लक्षणं अशी: ८० स्तंभांची खिडकी, प्रॉम्प्ट (कमांडच्या आधी शेल छापतो तो मजकूर) दिसायला २० अक्षरांचा. म्हणजे पुढे ६० अक्षरं मावायला हवीत. पण ४८ झाली की पुढचं अक्षर थेट प्रॉम्प्टवर उमटायचं. वरचा बाण दाबून जुनी कमांड आणली की आधीच्या कमांडचं शेपूट तसंच मागे. आणि एंटर मारलं की कमांड मात्र बिनचूक चालायची!

पहिली संध्याकाळ 'चेकविनसाइझ'च्या, म्हणजे खिडकीचा आकार तपासत राहणाऱ्या पर्यायाच्या, मागे गेली. बॅश ५.० पासून तो पर्याय मुळातच चालू असतो, हे आधी बघितलं असतं तर... असो.

दुसऱ्या दिवशी तावातावाने बग कळवायला बसलो. 'बॅशबग' ही बग कळवायची कमांड चालवली की एडिटरमध्ये मसुदा उघडतो. आवृत्ती, मशीन, कंपाइलरचे फ्लॅग आयतेच भरलेले. वर्णनाचा रकाना मी त्वेषाने भरला. त्याखालचा रकाना: हे पुन्हा कसं घडवायचं? इथे गाडी अडली. 'माझ्याकडे येऊन बघा' असं काही लिहिता येत नाही. म्हणून '--नोप्रोफाइल --नोआरसी' देऊन कोरा, म्हणजे माझ्या सेटिंग न वाचणारा, बॅश उघडला. घोळ गायब. मसुदा गुपचूप पुसून टाकला.

मग '.बॅशआरसी', म्हणजे माझ्या बॅशच्या सेटिंगची फाइल, अर्धी अर्धी कापत गेलो. दोनेकशे ओळी होत्या. आठव्या फेरीला एकच उरली, पीएस१ची, म्हणजे प्रॉम्प्ट कसा दिसावा हे ठरवणारी. हिरवा रंग लावणारा कोड ८ बाइटचा, रंग उतरवणारा ४ चा. एकूण १२. आणि ६० उणे ४८? बारा! हे बाइट पडद्यावर जागा घेत नाहीत हे रीडलाइनला (बॅशमध्ये ओळ टाइप करणं सांभाळणारा भाग) मी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे त्याने तेही स्तंभ म्हणून मोजले. दोन्ही कोड \[ आणि \] यांच्यात गुंडाळले, ओळ शहाण्यासारखी खाली उतरली.

गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) फोल्डरात शिरलो तर घोळ पुन्हा हजर. तिथे शाखेचं नाव एका फंक्शनमधून येतं आणि त्याचा रंगही फंक्शनच लावतं. त्यातही \[ घातलं, तर ते जसंच्या तसं पडद्यावर छापलं गेलं. बॅश पीएस१मधले हे संकेत आधी उलगडतो आणि फंक्शनचा आउटपुट नंतर भरतो, नंतर आलेल्या \[ कडे कोणी ढुंकून बघत नाही. तिथे \[ आणि \] ज्यांत उलगडतात ते ऑक्टल ००१ आणि ००२ हे बाइटच थेट छापावे लागतात. प्रत्येक प्रॉम्प्टआधी चालणाऱ्या 'प्रॉम्प्ट_कमांड'मधून दर वेळी पीएस१ नव्याने बांधूनही जमतं, पण मला फंक्शनमधल्या प्रिंटएफ या छापायच्या कमांडच्या ओळीत दोन बाइट घालणं सोपं वाटलं.

एक खुसपट बाकी आहे. देवनागरी नावाच्या फोल्डरमध्ये, त्यातही जोडाक्षरं असली की, कर्सर अजून एखादं घर सरकतो. या वेळी शेलला शिव्या द्यायच्या आधी तोच कोरा बॅश दोन वेगळ्या टर्मिनलमध्ये चालवून बघणार आहे.